चोवीस फडकी आणि धोतराचे सहा तुकडे

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, सुरतेत डुमस रोडवरच्या एका बंगल्याच्या गच्चीत अडतीस हजार पाचशे रुपयांना काम ठरलं. हजर चौघे होतो. बंगल्याचे मालक किरीटभाई, साड्यांचे व्यापारी. त्यांची आई, वय अठ्ठ्याहत्तर, जिला घरातले आणि बाहेरचे सगळेच बा म्हणतात. बंगल्याचा वॉचमन उत्तम. आणि मी. निम्मे पैसे, म्हणजे एकोणीस हजार दोनशे पन्नास, किरीटभाईंनी तिथेच उभ्या उभ्या दिले. उरलेले काम झाल्यावर.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलं. गमती आहेत, दोनतीन सांगतो. पण लिहायला बसलो की मला ही गच्चीच दिसते, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

धंदा काय ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही तो नीट ठाऊक नाही. गच्चीत, बागेत, फार्महाउसवर उघड्यात ठेवलेलं सागवानी सामान साफ करणं आणि राखणं, हे माझं काम. खुर्च्या, बाकं, टेबलं आणि सुरतेत मुख्यतः झोपाळे. गुजराती घरात देव्हाऱ्याखालोखाल मान हिंचक्याला असतो. मी लिंबायतला राहतो, मूळचा अमळनेरकडचा. आधी एका डाइंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. तो बंद पडल्यावर एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्याच्या हाताखाली हे काम शिकलो. मोजून देणं आणि मोजून घेणं ही सवय स्टोअरची.

सागवान उघड्यावर ठेवलं की वर्षभरात राखाडी पडतं. ते सडलेलं नसतं. वरचा कागदाएवढा पापुद्रा उन्हाने उतरतो, आतलं लाकूड शाबूत असतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि एकही गिऱ्हाईक ऐकत नाही. त्यांना नव्यासारखा सोनेरी रंग हवा असतो. मग आधी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने धुवायचं. दोन दिवस सुकू द्यायचं. एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस असे तीन नंबरचे पॉलिश पेपर मारायचे. आणि मग तेल. तेल ओतायचं नसतं, फडक्याने चोळायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि लाकडाने जे प्यायलं नाही ते दुसऱ्या फडक्याने पुसून काढायचं. सगळी कला या पुसण्यात आहे. पुसलं नाही तर आठ दिवसांनी खुर्चीवर बसणाऱ्याचा लेंगा चिकटतो.

वेसूच्या एका वकीलसाहेबांनी मला द्यायचे पैसे वाचवायला आठ खुर्च्यांना घरचं शेंगदाण्याचं तेल लावलं होतं. महिन्याने मला बोलावलं. खुर्च्या काळ्याकुट्ट, वर बुरशी, आणि पायांवरून मुंग्यांच्या रांगा. "मधुभाई, मुंग्यांचं औषध आहे का तुमच्याकडे?" असं त्यांनी विचारलं. हजीऱ्याच्या एका कंपनीच्या गेस्टहाउसवर गाड्या धुवायच्या मशीनने बाकं धुतली होती. पाण्याच्या जोराने लाकडाचा मऊ भाग उडाला आणि कडक रेषा वर राहिल्या. बाक कंगव्यासारखं दिसत होतं. व्यवस्थापक म्हणाले, "डिझाइन चांगलं आलंय, पण साहेब बसत नाहीत." अशा गोष्टी सांगून मी पंधरा वर्षं लोकांना हसवलं आहे.

जे हसून सांगता येत नाही ते असं. मी जवसाचं पक्कं, म्हणजे उकळलेलं, तेल वापरतो. हे तेल हवेने सुकतं आणि सुकताना गरम होतं. पातळ पसरलेलं असेल तर गरमी उडून जाते. पण तेलाने भिजलेली फडकी घडी करून, बोळा करून, बंद जागेत ठेवली तर गरमी आतच साठते, आणि काही तासांत ती फडकी आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. म्हणून माझा नियम: चौकोनी कापलेली चोवीस सुती फडकी कामाला घ्यायची, काम संपलं की चोवीस मोजायची, झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून घरी न्यायची आणि तारेवर एकेक सुटी वाळत घालायची. पंधरा वर्षांत एकही फडकं मागे राहिलं नव्हतं.

उत्तम याची टिंगल करायचा. तोच मला या बंगल्यावर घेऊन आला होता. अमळनेरकडचाच, आमच्या शेजारच्या गल्लीत राहतो, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणजे साठीचा. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, मग कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा वॉचमनची नोकरी धरली. या घरी अकरा वर्षं होता. माझी मोजणी चालली की गच्चीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "मधु, चिंध्या मोजस का नोटा?"

"नोटा मोजायला तुझा शेठ आहे."

"शेठबी इतल्या येळा मोजत नही रे भो."

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, शेवटचा हात राहिला होता. झोपाळ्याची फळी मोठी, डांगच्या जुन्या सागाची, किरीटभाईंच्या आजोबांनी आणलेली. दहा वाजता माझी चोवीसही फडकी चिकट झाली होती आणि लाकडावर तंतू सोडत होती. बा शेजारी खुर्ची टाकून बसली होती. फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "आ रुंवाटी देखाय छे." तंतू दिसतायत. मग आत गेली आणि एक जुनं धोतर घेऊन आली. वारलेल्या नवऱ्याचं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं.

"आ लो. पडी रह्युं छे, काममां आवशे."

शेवटच्या हाताला जुन्या धोतरासारखं कापड नाही, हे या धंद्यातला कुणीही सांगेल. मी घेतलं. फाडून सहा तुकडे केले. फळी अशी उजळून उठली की बाने तिच्यात स्वतःचा चेहरा वाकून पाहिला.

अकरा वाजता उत्तम चहा घेऊन वर आला. आम्ही पाण्याच्या टाकीपाशी बसलो. त्याने एक बिडी ओढली आणि कपातल्या उरलेल्या चहात बुडवून विझवली. चर्र आवाज मी ऐकला. कप खाली घेऊन गेला.

साडेअकराला मी फडकी मोजली. चोवीस. बादलीत बुडवली, झाकण लावलं. धोतराचे सहा तुकडे राहिले. ते माझ्या हिशेबात नव्हते. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला परत, हा स्टोअरपासूनचा माझा दुसरा नियम, आणि तो मी पाळला. सहाही तुकडे बाच्या हातात दिले आणि म्हणालो, "बा, धोईने राखजो." धुऊन ठेवा. एवढंच. पाण्यात टाका म्हटलं नाही, पसरून ठेवा म्हटलं नाही. माझी चोवीस जुळली होती, त्यामुळे माझ्या मनाने काम संपलं होतं. बारा वाजता मी निघालो.

साडेचारला गच्ची पेटली.

मला कळलं संध्याकाळी सातला, किरीटभाईंच्या फोनवरून. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. झोपाळा गेला, त्यावरचा मांडव गेला, खुर्च्या गेल्या, बंब येऊन आग विझली, माणसं सुखरूप. मग त्यांनी विचारलं, "मधुभाई, उत्तम अगाशीमां बीडी पीतो हतो?"

गच्चीत बिडी ओढत होता का. मी म्हणालो, "हा. एक पीधी हती."

"बस, एटलुंज."

फोन ठेवला. मी खोटं बोललो नव्हतो. विचारलं तेवढंच, खरं तेच सांगितलं होतं. कपातल्या चहाचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुन्हा फोन लावायला माझ्याकडे अख्खी संध्याकाळ होती.

शनिवारी सकाळी गेलो तेव्हा गेटवर दुसराच माणूस होता. वर कोळशाचा वास आणि काळं पाणी. झोपाळ्याच्या पितळी कड्या दोन दांड्यांना लोंबत होत्या, फळी नव्हती. सगळ्यात खोलवर जळालेली जागा कोपऱ्यात होती. तिथे गाद्या ठेवायची सागवानी पेटी असायची. पेटीचा तळसुद्धा उरला नव्हता. बा दारात बसली होती.

"उत्तमे मारो हिंचको बाळी नाख्यो," ती म्हणाली. "अग्यार वरस आ घरनी रोटली खाधी, ने बीडी ना छूटी." माझा झोपाळा जाळला, अकरा वर्षं इथली भाकरी खाल्ली आणि बिडी सुटली नाही.

मग डोळे पुसत तिने मला सांगितलं की धोतराचे तुकडे तिने कचऱ्यात टाकले नव्हते. नवऱ्याचं कापड कचऱ्यात कसं टाकणार. बाई सोमवारी धुणं धुणार होती, तोवर नीट घडी केली, सहाही एकात एक घातले, पिशवीत बांधले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून गाद्यांच्या पेटीत, गाद्यांच्या मधोमध ठेवले. "ए पण बळी गया," ती म्हणाली. तेही जळाले.

मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला सगळं कळलं होतं. मी तसाच जिना उतरलो.

उत्तमला सकाळीच काढून टाकलं होतं. आग पहिल्यांदा त्यानेच पाहिली होती. बंब यायच्या आधी वर धावून त्याने झोपाळा ओढून बाजूला करायला तापलेली कडी उजव्या हाताने धरली, आणि तळवा कडीला चिकटून आला. त्या हातावर पट्टी बांधून तो घरी गेला होता.

पाच दिवस मी गप्प बसलो. कारण लिहितो, ते काही फार खोल नाही. त्याच सोसायटीत किरीटभाईंच्या ओळखीने मला आणखी दोन बंगल्यांची कामं मिळाली होती. माझ्या फडक्यांनी आग लागली असं एकदा बाहेर पडलं की डुमस रोडच काय, सुरतेत कुणी मला गेटच्या आत घेणार नव्हतं. आणि मनाला मी एक सोय करून दिली होती: कोण जाणे, बिडीनेही लागली असेल. मी विझताना पाहिली होती, तरीही ही सोय चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी, बुधवारी, मी घरच्या गच्चीवर ती मोडली. जुन्या धोतराचे सहा तुकडे घेतले, तेवढंच तेल लावलं, बासारखे एकात एक घातले, पिशवीत बांधले, जुन्या उशीच्या कापसात खुपसले आणि पत्र्याच्या डब्यात ठेवले. वेळ लिहिली: बारा दहा. माझी बायको दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाली, "काय चाललंय? त्यांचं जळलं ते पुरे नाही झालं का?"

दोन वाजता डब्याला हात लावला तर कोमट. तीनला हात ठेववेना. तीन पन्नासला झाकणाच्या फटीतून धूर आला. झाकण उचललं तर आतला कापूस लाल झाला होता आणि हवा लागताच भडकला. बायकोने धुण्याची बादली त्यावर ओतली.  मग रिकामी बादली खाली ठेवून म्हणाली, "उत्तमभाऊंच्या बायकोने काल माझ्याकडून मीठ नेलं. तुम्ही हे शनिवारपासून जाणत होतात?"

गुरुवारी तो डबा पिशवीत घालून मी किरीटभाईंच्या दुकानी गेलो. रिंगरोडच्या मार्केटात, तिसऱ्या मजल्यावर. साड्यांच्या थप्प्यांमध्ये पांढऱ्या गादीवर मी डबा ठेवला तेव्हा त्यांनी आधी खाली वर्तमानपत्र घातलं. मी सगळं सांगितलं. तुकडे, घडी, पेटी, वेळा. कपातल्या चहात विझलेली बिडीही सांगितली.

"चिंदी आपमेळे सळगे?" त्यांनी विचारलं. आपोआप पेटते?

मी झाकण काढलं. त्यांनी वाकून वास घेतला. जळकं तेल आणि सुती कापड. तो वास सहा दिवस त्यांच्या घरात होता. त्यांनी झाकण स्वतः लावलं.

"मधुभाई, मला पटलं," ते मराठीत म्हणाले. आमच्या लोकांशी व्यवहार करून त्यांना बरं मराठी येतं. "पण आता काय करू सांगा. विमावाल्यांना मी लिहून दिलं, वॉचमनची बिडी. आता तुमचा डबा दाखवला तर ते विचारतील, मग आधी खोटं का लिहिलं?"

"पण उत्तम?"

"उत्तमला दुसरी नोकरी मिळेल. वॉचमनची काय कमी आहे?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि बा. बाला कळलं की तिने हाताने ठेवलेल्या बापुजींच्या धोतराने हिंचको जळला, तर ती दुसऱ्या दिवशी जेवणार नाही. तिला नाही सांगायचं. तुमच्या मुलांची आण."

मी म्हणायला हवं होतं की चूक बाची नाही, माझी आहे. म्हणालोही. त्यांनी मान हलवली आणि गल्ल्यातून नोटा काढून मोजल्या. एकोणीस हजार दोनशे पन्नास. "तुमचं काम पूर्ण झालं होतं. त्याचे आहेत. त्या दोन बंगल्यांना मी काही सांगणार नाही." मी पैसे उचलले. ते न उचलण्याची ताकद त्या क्षणी माझ्यात नव्हती, हे जसंच्या तसं लिहितो.

संध्याकाळी सहाला उत्तमकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर, दुसऱ्या हाताने पोळीचे तुकडे करून कोंबड्यांना टाकत होता. त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीने ऐकलं. डबा उघडून दाखवला. पैशाचं पाकीट त्याच्याजवळ ठेवलं.

त्याने डब्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं नाही.

"मंग पाच दिन तू काबर गप बसना?"

मी म्हणालो, "घाबरलो होतो."

"मी तुले त्या घरमां लई गऊ," तो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "सांगं व्हतं, आपला माणूस शे. शेठनी तुले इचारं, बिडी पीधी का. तू हा म्हणना. चहामां इझाडी, हाई काबर नही म्हणना?"

 मी पाकीट पुढे सरकवलं. त्याने ते डाव्या हाताने उचलून माझ्या पिशवीत टाकलं.

"पैसा नको. कागदवर लिखी दे. तुले लिखता येस."

सोमवारी, डिसेंबरच्या दोन तारखेला, आम्ही दोघं कोर्टाजवळ एका नोटरीकडे गेलो. मी दीड पान लिहून नेलं होतं: आग माझ्या कामातल्या तेलाच्या कापडांनी लागली, उत्तमने बिडी चहात विझवली ती मी डोळ्यांनी पाहिली, त्याचा दोष नाही. नोटरीने दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "काका, आवुं कोई पोता पर लखावे?" स्वतःवर असं कुणी लिहून घेतं का. मी सही केली. उत्तमने दोन प्रती करून घेतल्या आणि एक प्लास्टिकमध्ये बंद करवली.

तो कागद घेऊन उत्तम चार सिक्युरिटी एजन्सींत गेला. चारही ठिकाणी विचारलं, यावर मालकाची सही कुठे आहे. एकाने विचारलं, हा मधुकर कोण. डुमस रोडच्या वॉचमन लोकांत आजही त्याचं नाव बिडीवालाच आहे. फेब्रुवारीत तो कडोदऱ्याला लूमवर लागला, बारा तासांची पाळी, अर्धवट बंद होणाऱ्या तळव्याने. कानाचं जे काही उरलं होतं तेही आता तिथे जाईल. गल्लीत समोरून आला तर मान वळवत नाही, पण थांबतही नाही.

बाला आजही माहीत नाही. किरीटभाईंनी गच्चीत ॲल्युमिनियमचा झोपाळा बसवला, ज्याला तेल लागत नाही. त्या दोन बंगल्यांची कामं मी केली. फडकी आता मी मोजत नाही, जे कापड तेलाला लागलं ते कुणाचंही असो, पाण्यात टाकतो. उशिरा आलेल्या या शहाणपणाचा उत्तमला काहीही उपयोग नाही.

किरीटभाईंचे एकोणीस हजार दोनशे पन्नास माझ्या घरात खर्च झाले. विमा मिळाला की नाही ते मला ठाऊक नाही. उत्तमला मी एक रुपयाही देऊ शकलो नाही. नोटरीचे साडेतीनशे मी खिशातून काढले होते, पण उत्तमने माझा हात बाजूला केला. "मन्हं नाव शे, पैसा बी मन्हाच," म्हणाला, आणि शंभराच्या तीन आणि पन्नासाची एक अशा चार नोटा त्याने डाव्या हाताने एकेक करून नोटरीच्या टेबलावर ठेवल्या.